इंजिनिअर नावेने का गेला?

रावेर,
रविवार

प्रिय अक्का,

जयभीम. काल दुपारी धुळ्याच्या तपासणी केंद्रावरून रुपचंद सरांचा फोन आला आणि आठवडाभर जे नुसतं कानावर येत होतं ते त्यांनी पक्कं केलं. संस्थेच्या इंग्रजी वाचन चाचणीत आपल्या रावेर शाखेच्या बारावीचे सगळे पेपर सामूहिक कॉपी म्हणून बाजूला काढले आहेत. शुक्रवारी जळगावला संस्थेच्या कार्यालयात सुनावणी आहे. ज्यांनी पेपर काढला त्यांच्याकडून गुरुवारपर्यंत लेखी मत मागवलं आहे. अशी सारखी उत्तरं कॉपी न करता येऊ शकतात का, एवढंच त्यांनी सांगायचं आहे. समिती त्या मतावरच जाणार, असं सर म्हणाले. ते मत अजून आलेलं नाही. पेपर कोणी काढला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

फोनवर हे सगळं तुझ्याशी बोलता आलं असतं, पण गेल्या चार वेळा तू मीटिंगमध्ये होतीस. म्हणून कागद घेऊन बसले. घरी सगळं ठीक आहे. मागच्या रविवारी वरणगावला जाऊन आले. आबांचा गुडघा थंडीत धरतो, तरी सकाळी चक्कर मारल्याशिवाय राहत नाहीत. फॅक्टरीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण भोंग्याच्या वेळेला चहा लागतोच. तुझी चौकशी करत होते. "सपना मोठी साहेब व्हनार म्हने, मंग आता बापाले अपॉइंटमेंट घ्या लागीन," म्हणाले आणि स्वतःच हसले. नव्या वर्षापासून संस्थेच्या सगळ्या ज्युनिअर कॉलेजांचं इंग्रजी प्रशिक्षण तुझ्याकडे येणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मला आनंद झाला अक्का. हे तू खरं मान.

चाचणी झाली त्या दिवशीचं सांगते. सुपरव्हिजनला नरडाण्याच्या शाखेतून नथ्थू सर आले होते. ते किती कडक आहेत तुला माहीत आहे. पोरांची कंपासपेटीसुद्धा बाहेर ठेवायला लावली. मला वर्गाच्या आसपास फिरू दिलं नाही. पेपर संपल्यावर स्टाफरूममध्ये चहा घेताना म्हणाले, "मॅडम, वर्ग भारी शिस्तीचा शे. कोनी मान वर करी नही." मला बरं वाटलं. उतारा मी तेव्हाच पाहिला. नदीवर जुना पूल असतो. इंजिनिअर गावात येऊन पूल बघतो आणि लोकांना सांगतो की पूल भक्कम आहे, खुशाल वापरा. निघताना मात्र बायकोमुलांना घेऊन नावेत बसतो आणि नावेनेच नदी ओलांडतो. खाली प्रश्न, इंजिनिअर नावेने का गेला? दुसरा प्रश्न, पुलाबद्दल त्याचं खरं मत काय होतं? एवढंच. चांगला उतारा होता. एकही अवघड शब्द नाही.

आपल्या वर्गातल्या एकूण एक मुलांनी पहिल्या प्रश्नाला लिहिलं की त्या दिवशी मंगळवार होता आणि बाजारात खूप गर्दी होती. दुसऱ्याला लिहिलं की पूल भक्कम आहे असं इंजिनिअरने गावकऱ्यांना सांगितलं. शब्दाला शब्द, कॅपिटल अक्षरापासून फुलस्टॉपपर्यंत. दुसऱ्या शाखांत कोणी काही लिहिलं, कोणी कोरं सोडलं. आपल्याकडे मात्र सगळा वर्ग मंगळवारी बाजारात.

बाहेरच्या माणसाला ही कॉपीच वाटणार. रुपचंद सरांना मी समजावून सांगायला गेले तर ते म्हणाले, "बठ्ठा वर्ग एकच चूक करस आनि कॉपी नही म्हंतस? मॅडम, मी तीस वर्षं पेपर तपासतोय." मी म्हटलं, सर, उत्तरं फोडायचीच असती तर मी चुकीची कशाला फोडली असती? यावर ते शांतपणे म्हणाले, "तुम्हालाबी तेच बरोबर वाटनं व्हई." गणिताच्या लीलाधर सरांनी तर ताळच सोडलाय. रोज सकाळी हजेरीपुस्तकावर सही करताना मला विचारतात, "काय मॅडम, आज बाजाराला गर्दी आहे का?" मीही हसते. हसण्याशिवाय काय करणार. दिवसाला सहा तास, त्यात प्रॅक्टिकलचे घोळ, बोर्डाचे फॉर्म, आणि आता हे. संध्याकाळी घरी येते तेव्हा कुकर लावायलाही हात उचलत नाही.

ही उत्तरं ज्या नियमांनी काढली ते कुठून आले, हे तुला वेगळं सांगायला नको. प्रश्नातला मोठा शब्द हेरायचा, तोच शब्द उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य जसंच्या तसं उचलायचं. 'व्हाय' असेल तर 'बिकॉज' शोधायचं. 'बिकॉज' नसेल तर शब्द सापडलेल्या वाक्याच्या पुढचं वाक्य लिहायचं. आपलं डोकं लावायचं नाही. तुझ्या आवाजात ते अजून ऐकू येतं. केळी भरून आलेल्या पोरी तुझ्या तासाला बाकावर पेंगायच्या, हाताला चिकाचे काळे डाग, आणि तू त्यांना असं हलवून हलवून शिकवायचीस. त्या वर्षी पहिल्यांदा इंग्रजीत कोणी नापास झालं नाही. गावाने तुझा सत्कार केला, सरपंचांनी भाषणात तुझं नाव तीनदा चुकवलं. मीही त्याच नियमांवर बारावी झाले. वरणगावच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराच्या दारात बसून तू मला उतारे सोडवायला लावायचीस. आई भाकरी थापता थापता म्हणायची, पोरीला थोडं समजू तर दे. तू म्हणायचीस, आधी पास होऊ दे, समजायला जन्म पडलाय. आई पुढची भाकरी थापायला घ्यायची. मी पुढचा उतारा घ्यायचे. तू धुळ्याला गेल्यावर तुझा वर्ग माझ्याकडे आला आणि मी तेच पुढे चालवलं, कारण ते चालत होतं.

आता डिंपलबद्दल लिहिते. योगराजभाऊंची थोरली. योगराजभाऊ केळीच्या गाड्या भरतात, आई पॅकिंगला जाते. चाचणीत पास झालेल्या मुलींना संस्थेच्या नर्सिंग कॉलेजात फी माफ आहे, हे नोटीस लागल्यापासून पोरीने दुसरं काही डोक्यात ठेवलं नव्हतं. कॉपीचा शिक्का बसला तर त्या यादीतून आपली शाखाच जाते, फेरचाचणीही मिळत नाही, आणि तिच्यापुरता तो रस्ता बंद. मामाने एक स्थळ आणून ठेवलेलंच आहे. परवा योगराजभाऊ कामाच्या कपड्यांतच कॉलेजात आले. खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, नर्सिंग-बिर्सिंगचं मंग पाहू. मायी पोरगी चोर हाये का नाही, येवढं सांगा. गावात लोकं इचारून राहिले." मी सांगितलं, नाही, भाऊ. ते म्हणाले, "तुम्ही सांगता ते ठीक हाये, पन ते कागदावर कोन सांगीन?"

ते गेल्यावर मी डिंपलला थांबवून घेतलं. इंग्रजी बाजूला ठेव म्हटलं, घरी सांगतेस तशी ती गोष्ट मला सांग. तो इंजिनिअर नावेने का गेला? तिने क्षणभरही विचार केला नाही. "त्याले माहीत होतं ना मॅडम, पूल कच्चा हाये. लोकाइले सांगे भक्कम हाये, अन् स्वतःचे लेकरं नावेत बसवले. लबाड होता तो." मग मी विचारलं की हे का लिहिलं नाहीस? तर माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलतेय. "पन मॅडम, हे पॅसेजमध्ये कुठी लिहेल होतं?"

दुसऱ्या दिवशी आणखी पाच-सहा जणांना विचारलं. सगळ्यांना कळलेलं होतं, अक्का. एका पोराने तर सांगितलं की त्याच्या काकाने विहिरीच्या बाबतीत अगदी असंच केलं होतं. ज्या मुलांना इंग्रजी वाचता येत नाही असं ठरवून आपण इतकी वर्षं शिकवलं, त्यांना ते वाचता येतं. कळलेलं लिहायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. त्या दिवशी तास संपल्यावर मी बराच वेळ वर्गातच बसून राहिले. रडू वगैरे आलं नाही. नुसता थकवा. एखादं ओझं डोक्यावर घेऊन लांब चालत यावं आणि घरी आल्यावर कळावं की हे इथे आणायचंच नव्हतं, तसा.

मग मी तो उतारा पुन्हा वाचला. शांतपणे, पहिल्यापासून. इंजिनिअर नावेत बसला, हे वाक्य. त्याच्या लगेच पुढे मंगळवार आणि बाजार. पुढे कुठेही ना बाजार येतो ना वार. गोष्टीला त्या वाक्याची काहीच गरज नाही. उताऱ्यात कुठेही 'बिकॉज' नाही. ते वाक्य तिथे चुकून पडलेलं नाही, अक्का. जो माणूस 'बिकॉज' नसेल तर पुढचं वाक्य लिहायला शिकवतो, त्यालाच तिथे काय ठेवायचं ते माहीत असतं. अशी दोनच माणसं मला माहीत आहेत, आणि त्यातली एक मी आहे. पेपर मी काढलेला नाही.

तू तो का काढलास तेही मला कळतं असं वाटतं. दिवाळीत तू म्हणाली होतीस की पोरं पास होतात पण वाचत नाहीत, हे एकदा कोणीतरी संस्थेला दाखवायला पाहिजे. तू दाखवलंस. उतारा खरोखर चांगला काढलास. पण संस्थेला त्यात दुसरंच दिसलं, आणि आता तुझ्या दोन ओळी आल्या नाहीत तर तेच खरं ठरेल. त्या ओळींत तुला लिहावं लागेल की हे नियम तुझे आहेत, आणि नव्या वर्षाच्या तोंडावर ते लिहिणं सोपं नाही. तू गप्प का आहेस ते मला समजतं. मी रागावलेली नाही. खरंच नाही. रागवायला लागणारी ताकदसुद्धा सध्या माझ्याकडे नाही.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत मी वाट पाहीन. शुक्रवारी सकाळच्या गाडीने डिंपल आणि योगराजभाऊंना घेऊन मी जळगावला निघणार आहे. योगराजभाऊंनी त्यासाठी खाडा घेतलाय. तुझं मत समितीच्या टेबलावर आलेलं असलं तर मला काही बोलावं लागणार नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून राहीन आणि मी काय सांगायला आले होते ते कोणाला कळणार नाही. आलेलं नसलं तर मी उभी राहीन आणि नियम कोणाचे, उतारा कोणाचा, दोन्ही सांगेन. तुझं नाव घेऊन सांगेन. मग तुझ्या नेमणुकीचं काय होईल ते मला माहीत आहे, आणि आबा माझ्याशी किती दिवस बोलणार नाहीत तेही. ते तुला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. उद्या कुरिअरने टाकते, मंगळवारपर्यंत तुझ्या हातात पडेल.

तुझीच,
प्रज्ञा