फिल्मचं दुसरं टोक

अहो,

काल तुमचा शेवटचा रोल धुतला. धुताना जे झालं ते घरात कोणाले सांगायची सोय नाही, म्हणून तुम्हालेच लिहून राह्यली. चुलीवर दूध आहे. उतू गेलं तर जाऊ द्या!

तुमचा एकही फोटो नव्हता घरात. अर्ध्या बालाघाटची लग्नं, साक्षगंधं, बारशी काढली तुम्ही, अन् स्वतः कायम कॅमेऱ्याच्या मागं. मी म्हणायची, एक तरी काढून घ्या. तुम्ही म्हणायचे, "मले कोण पाहते?" आता तुमची माय पाहाले बसली आहे ना! "वर्षश्राद्धाले माह्या पोराचा फोटो पाटावर पाहिजे," एवढंच तिचं मागणं. अन् वर्षश्राद्ध तर तोंडावर आलं.

बैहरहून ताप घेऊन आले तेव्हा तुम्ही सांगितलं होतं, "या बारीले जीपवाल्याकडून माहेबी फोटो काढून घेतले. दोन रोल आहेत, तूच धुजो." मले वाटलं, तापात बरळून राह्यले. त्या दिवशी तुमच्याजवळ जरा बसली काहून नाही मी?

पहिला रोल तुम्ही शिकवला तसाच धुतला. न्हाणीच्या दाराले घोंगडं, आत काळोख, परातीत डेव्हलपर. आधी फिल्मचं एक टोक तुमच्या हातात असे, एक माझ्या. पाळण्यासारखी वर-खाली, वर-खाली. काळोखात घड्याळ दिसत नाही म्हणून मी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, अन् ओव्या सरल्या की फिल्म चित्र पक्कं करायच्या हायपोत. ओवीत तुमचं नाव आलं की तुम्ही हसायचे. "उजेडात अहो, अन् अंधारात नाव!"

या वेळी दोन्ही टोकं माझ्याच हातात होती. फिल्म उजेडात धरून पाह्यली. सगळीकडं पट्टे, ठिगळं. जिथं तुम्ही उभे, तिथं पट्टा नेमका चेहऱ्यावर! एकात कपाळ नाही, दुसऱ्यात तोंडच नाही. माय म्हणाली, "त्याले नाही राह्यचं आपल्यात. फोटोतबी नाही." त्या दिवशी ती जेवली नाही.

खोटं काहून बोलू? मलेबी भीती वाटली. न्हाणीत गेली की पाठीमागं कोणी श्वास घेऊन राह्यलं असं वाटे. तुम्हीच होते काय? होते तर बोलले काहून नाही?

पण तुमच्यासंगं राहून थोडी अक्कल आली आहे मले. डेव्हलपर शिळा असन म्हणून गोंदियाहून नवा मागवला. पाणी गरम असन म्हणून माठातलं घेतलं. फिल्म आधी साध्या पाण्यात भिजवली. अन् तुमचा दुसरा रोल घाईनं टाकला नाही हं! कोरा रोल भरून नुसत्या चुन्याच्या भिंतीचे फोटो काढले. पांढऱ्या भिंतीवर डाग लपत नाही. अर्धा कापून धुतला. पुन्हा पट्टे!

तेवढ्यात तुमची शांता राजेगावहून आली. तिले म्हटलं, ये बाई, ते टोक धर. उरलेला अर्धा परातीत सोडला. जराशानं काळोखातून ती म्हणाली, "वहिनी, थांबली काहून?"

"कुठं थांबली?"

"थांबली ना! हात थांबला तुहा. मघाशीबी थांबला होता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वर्षाच्या आत घरात गाणं चालत नाही, म्हणून मी ओव्या मनातच म्हणून राह्यली होती. मनात तुमचं नाव आलं की पुढं जाणंच होत नव्हतं, हात तिथंच थिजे. फिल्म थांबली की औषध एका जागी जास्त चढते अन् पट्टा पडते. औषधाचा दोष नाही, पाण्याचा नाही. बाई बाई, मी हसली की रडली, मलेच कळलं नाही.

मायले सांगितलं, ओवी मोठ्यानं म्हणावी लागन. मायनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हण. लोकाइचं मी पाहीन."

काल म्हटली. एक टोक मी धरलं, एक शांतानं. तुमचं नाव आलं तेव्हा आवाज फाटला, पण हात नाही थांबला. फिल्म या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी निघाली. जीपच्या बॉनेटवर हात ठेवून तुम्ही उन्हात डोळे बारीक करून उभे आहेत. छापून मायच्या हातात दिला. तिनं पदरानं पुसला, कोरडाच होता तरी. "हौ. हाच," म्हणाली, अन् मंग पोटभर रडली.

संध्याकाळी शांता मले परसात घेऊन गेली. तोंड पांढरंफटक. "वहिनी, मायले सांगू नको. दादाचं नाव ऐकलं अन् मले रडू फुटलं. टोक हातातून सुटलं माह्या. ओव्या सरेपर्यंत मी पदर तोंडात धरून भिंतीले टेकली होती."

मी म्हटलं, चुकली असशीन. पण अहो, समोरून फिल्म वर-खाली होत होती! बरोबर तालात. मले ओढ लागत होती हाताले.

तुमचा कॅमेरा विकणार नाही मी. लग्नसराईचे रोल येतील, ते धुईन, अन् प्रत्येक वेळी नाव मोठ्यानं घेईन. वचन देते, त्या टोकाले यापुढं कोणाले हात लावू देणार नाही. तुम्ही या. मी भिणार नाही.

तुमची,
सुमन