एक वार तुम्ही घ्या

११ मार्च

प्रिय भाऊजी,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. मुलीची परीक्षा संपली. गच्चीची गळती थांबली. शिवणकारखान्यात माझी पाळी आता सकाळची झाली.

तुमच्या दादांची पाठ अजून दुखते. गोदामातलं ओझं उचलणं सुटलं, दुखण्यावरच्या गोळ्यांची नशा काही सुटली नाही. सासूबाईंच्या शेवटच्या आजारातल्या गोळ्याही ह्यांनी पळवल्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझ्यापुरता दादा मेला."

गेल्या महिन्यात ते खरंच गेल्यात जमा होते, भाऊजी. न्हाणीघरात, गोळ्या जास्त घेऊन. ओठ निळे, श्वास नाही. मी ओरडले तर धावत आला कोण? खालचा न्हावी, ज्याच्याशी आमचं वर्षभर बोलणं नव्हतं. त्याने ह्यांच्या नाकात गोळ्यांचा अंमल उतरवणाऱ्या औषधाचा फवारा मारला, तोंडाने श्वास दिला. फवारा औषधाच्या दुकानातून मिळालेला, मारायचा कसा ते वाचनालयात शिकवलेलं. "चहा फुकट होता म्हणून गेलो होतो हो," म्हणाला, आणि माझ्याआधी तोच रडला.

त्याच वाचनालयाच्या मागच्या खोलीत आता आम्ही जातो. दवाखान्याची डॉक्टरीण असते, औषधवाला असतो, आमच्यासारखी घरची माणसं असतात. तलफ आवरायचं औषध ह्यांना रोज तिथे समोर बसवून देतात. गोदामाच्या मुकादमाने बसून करायचं काम देऊ केलंय. इतक्या परक्यांनी हातभार लावला, तरी एकदा घसरलेच, पुन्हा गोळ्या घेतल्या. खोटं कशाला लिहू? डॉक्टरीण एवढंच म्हणाली, "घसरले, पण परत आले ना?"

तिथवर नेणारी मात्र मी एकटी. एकटं सोडलं की वाटेतच पाय दुसरीकडे वळतात. काल मशीनवर माझा डोळा लागला आणि सुई बोटात गेली. दुखलंसुद्धा नाही लगेच, इतकी दमलेय.

त्यांना माफ करा असं म्हणत नाही. बोलूही नका हवं तर. आठवड्यातला एक वार तुम्ही घ्या. नुसते शेजारून चाला.

हे पत्र लिहिल्याचं त्यांना ठाऊक नाही. तुम्ही नाही आलात, तरी कळणार नाही.

अजून तरी उभी असलेली,
तुमची वहिनी