एका ‘नको’ची फी

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्र डाव्या हाताने लिहिलंय. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, तेव्हा आधी पोटभर हसून घे आणि मग वाच. भाऊजींना दाखवू नकोस.

करवतीने माझा उजवा हात नेला त्याला पाच महिने झाले. तू दरवेळी विचारतेस आणि मी टाळतो, म्हणून आज एकदाच लिहितो. आधी दुखलंच नाही. फळीवर काहीतरी पडलेलं दिसलं, वाटलं कुणाचा हातमोजा राहिलाय. मग रक्ताची चिळकांडी मुकादमाच्या तोंडावर उडाली. बाकीचे पळाले. त्याने कमरेचा पट्टा ओढून काढला, माझ्या दंडाला आवळला, छातीवर गुडघा रोवून मला दाबून धरलं आणि डॉक्टर येईपर्यंत शिव्या घालत राहिला, की मेलास तर जिवे मारीन. त्या शिव्यांमुळेच मी जागा राहिलो.

आता कामाची बातमी. लाकूडगिरणीने मला गेटवर बसवलंय, गाड्यांच्या नोंदी करायला. भरपाईची रक्कमही मिळाली. मुकादमाने एक योजना सांगितलीय. कुणी मोठा माणूस थंड गोदामं बांधतोय, पैसे लावले की दर महिन्याला शेकडा तीन घरपोच. गिरणीतले बरेचजण लावताहेत. मुकादम या सल्ल्याचा एक पैसा घेत नाही. तू त्या फी घेणाऱ्या बाईचं लिहिलं होतंस, ते वाचून आम्ही दोघं खूप हसलो. पैशाचं काय करायचं हे सांगायला पैसे घ्यायचे, हा धंदा मला आधी का नाही सुचला?

लोभ आहेच, तो शिव्यांसकट वाढावा.
तुझा धाकटा


१५ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक उ. आ.

पत्र भाऊजींना दाखवलं. ते म्हणाले की उजव्या हाताने तरी तू कुठे मोती सांडत होतास.

आता माझं ऐक. मुकादमाने तुझा दंड बांधला, त्याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. पण टाके त्याने घातले नाहीत. टाक्यांना डॉक्टर लागला, त्याने पैसे घेतले, आणि तेव्हा तू हुज्जत घातली नाहीस. मी अठरा वर्षं वॉर्डात काढली. शेजाऱ्याच्या फुकट औषधाने सडलेले पाय मी बादलीत टाकलेत रे. ते शेजारीसुद्धा चांगलेच होते, बिछान्याशी बसून रडायचे.

ही बाई कुठलीच योजना विकत नाही, कुणाची दलाली खात नाही, म्हणून तर फी घेते. फुकट सल्ला देणाऱ्याचं पोट कुठून भरतं ते आधी बघावं. ती भरपाई म्हणजे पैसा नाही, तुझा हात आहे. पुन्हा उगवणार नाही. एकदा जाऊन ये, नाहीतर मी रजा काढून येईन आणि कान धरून नेईन. कान अजून दोन्ही शाबूत आहेत ना?

रागावले असले तरी माया तसूभर कमी नाही, तूही करू नकोस.
ताई


२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो होतो बाई, तुझ्या कानाच्या भीतीने. शिंप्याच्या दुकानावर एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या. दोन तास तिने मला उलटंपालटं केलं. घरखर्च किती, बायको शिवणकामाचे किती कमावते, पोरीची किती वर्षं शाळा राहिली, मी मेलो तर काय. मग मुकादमाने दिलेला कागद वाचला. म्हणाली की गोदाम कुठे आहे ते यात कुठेच नाही. नव्यांचे पैसे जुन्यांना वाटताहेत असं दिसतं. ज्या दिवशी नवे संपतील त्या दिवशी सगळं संपेल. आणि कागदाच्या पाठीवर बारीक अक्षरात दलाली छापलेली दाखवली, माणूस आणला की इतके. शेवटी म्हणाली, नको. पैसे बँकेत कसे ठेवायचे ते लिहून दिलं आणि फी सांगितली. महिन्याचा जवळजवळ अख्खा पगार!

ताई, एका ‘नको’साठी महिन्याचा पगार. ‘नको’ तर आमच्या घरात दिवसातून दहा वेळा फुकट मिळतं. जिना उतरताना असा संताप आला की थोटका हात भिंतीवर आपटला. जखम उकलली, शिंप्याच्या पायरीवर रक्त सांडलं, त्यानेच चिंध्या बांधून दिल्या.

पण पैसे बँकेतच ठेवले. मुकादमाला सांगितलं की बँकेने रक्कम अडकवून ठेवलीय. त्याने बँकेला आईवरून शिवी घातली आणि मला चहा पाजला. आतापर्यंत बावीस जणांनी पैसे लावलेत. ओंडके लोटणाऱ्या ढोल्याने तर बायकोचे दागिने मोडले. मी गप्प बसलो. पैसे मोजून सल्ला घेतला म्हटलं तर वर्षभर माझी टिंगल होईल. आणि ज्याने मला जिवंत ठेवलं त्याला कुठल्या तोंडाने सांगू, की तुझ्या शब्दावर माझा भरवसा नव्हता?

अशा या भित्र्यावर लोभ ठेव.
धाकटा


८ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

ड्युटीवरून आले ती तशीच लिहायला बसले. हे पत्र वाचून होताच चपला घाल आणि जाऊन सांग. आधी मुकादमाला, मग ढोल्याला, मग ज्याला ऐकायचंय त्याला. टिंगलीने कुणी मरत नाही. बुडालेला माणूस मात्र जो हाताला लागेल त्याला मारतो, हे मी दर महिन्याला स्ट्रेचरवर बघते.

सांगितलंस की दोन ओळी टाक. तोवर मला जेवण जाणार नाही.
ताई


१९ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचा भाऊ जिवंत आहे, हे आधी लिहिते. गळपट्टीचं हाड आणि तीन बरगड्या मोडल्यात, डोक्याला अकरा टाके आहेत. शुद्धीवर आहेत. तुम्हाला कळवू नको म्हणाले, म्हणून कळवतेय.

मंगळवारी सकाळी योजनेच्या ऑफिसला कुलूप दिसलं. आत टेबलसुद्धा नव्हतं. दुपारी मी डबा घेऊन गेले तर गेटवर हे नव्हते आणि आतून ओरडण्याचा आवाज येत होता. मुकादमाला वीस जणांनी घेरलं होतं. ज्यांना मी ओळखते, ज्यांच्या पोरांचे कपडे मी शिवते, ती माणसं. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात ओंडके ओढायचा आकडा. त्याचा जबडा फुटला होता, भुशावर दात पडले होते. तो हात जोडून सांगत होता की माझेही गेले, माझं घरही गेलं. कुणी ऐकलं नाही. ढोल्याने त्याला केसांनी फरफटत करवतीपाशी नेलं आणि ओरडला की याच हाताने आमच्या सह्या घेतल्यास. कुणीतरी करवत चालू केली.

हे धावले ते बटणाकडे. डाव्या हाताने मुख्य खटका खाली ओढला. पण करवत लगेच थांबत नाही ना हो वन्सं. ती थांबेपर्यंत मुकादमाची दोन बोटं गेली. त्याची किंकाळी अजून माझ्या कानात आहे.

मग यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. की मला चार महिन्यांपूर्वीच कळलं होतं. एका बाईला फी देऊन विचारलं होतं, ती नको म्हणाली होती, आणि मी तोंड शिवून बसलो. एवढं बोलून हे उभेच राहिले. पळालेसुद्धा नाहीत. पहिली पहार ढोल्याने घातली. हे पडल्यावर लाथा बसल्या, कोण कोण होतं ते मला दिसलं नाही, मी यांच्या अंगावर पडले होते. माझंही मनगट सुजलंय. पोलीस आले तेव्हा ढोल्या भुशात बसून लहान पोरासारखा रडत होता.

तुमचं मार्चमधलं पत्र मिळालं त्या दिवशी हे सांगायला निघाले होते. मुकादमाच्या दारापर्यंत गेले आणि न सांगताच परत आले, हे काल त्यांनीच कबूल केलं. तेव्हा मी विचारलं तर म्हणाले की तो घरी नव्हता. मी कंदिलासारखी आत उजळले होते की आपले पैसे वाचले, म्हणून पुढे विचारलंच नाही. त्याची लाज मलाही आहे.

जमेल तेव्हा या. तुमचा हात डोक्यावर असू द्या.
तुमची भावजय


२८ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू येऊन पंधरा दिवस राहिलीस आणि एकदाही मला बोलली नाहीस. त्यापेक्षा कान धरला असतास तर बरं झालं असतं.

काल दवाखान्यातून घरी आलो. त्याआधी हिंमत करून मुकादमाच्या वॉर्डात गेलो. त्याचा जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही. उशाशी वही ठेवलीय, उरलेल्या बोटांत पेन्सिल धरून लिहितो. त्याची बायको मला बघून उठून बाहेर गेली. मी खुर्चीवर बसलो. माफी मागायची म्हणून खाटेवर पडल्यापडल्या वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं पहिलं सुरू केलं.

त्याने वही ओढली आणि विचारलं, की त्या बाईची फी किती होती. मी आकडा सांगितला. त्याने तो आकडा वहीत मांडला. मग पुन्हा लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. त्याने लिहिलं होतं, की मला सांगितलं असतंस तर अर्धी मी भरली असती.

मग त्याने भिंतीकडे तोंड केलं. भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत मी तिथेच बसून होतो.

मागायला तोंड नाही, तरी तुझी माया असू दे.
धाकटा