निळ्या पट्टीच्या आतले घर

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी बाई, वय वर्षे एकाहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे, राहणार स्वतःच्या कमाईच्या घरात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. उलट घरातल्या सगळ्यांच्या मर्जीविरुद्ध लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा आमच्या घरच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांचे वरचे चार दात माझ्या हातचे आहेत, तरी दाखला त्यांनी मला तपासूनच दिला.

मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, मते लिहू नयेत, असे वकिलांचे म्हणणे पडले. माझ्याकडे मालमत्ता थोडी आहे आणि मते पुष्कळ आहेत, तेव्हा दोन्ही वाटूनच जाईन.

कलम १. माझे कुटुंब असे. मुलगा, यापुढे चिरंजीव. त्याची बायको, यापुढे सूनबाई. त्यांची सात वर्षांची मुलगी, म्हणजे माझी नात. आणि माझ्या कैलासवासी नवऱ्याची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, वय पंचाहत्तर, लग्न केले नाही. लग्नात नवऱ्याबरोबर मला वन्सं मिळाल्या. बदलून मिळण्याची सोय नव्हती. चिरंजीव, सूनबाई, नात आणि त्यांचा कुत्रा कायमचे परदेशी राहायला निघाले आहेत. मीही त्यांच्याबरोबर जाणार असे त्यांनी ठरवले आहे. मला विचारले नव्हते. तिकडे मूल सांभाळायला बाई ठेवणे परवडत नाही म्हणतात, आणि आजी फुकट असते.

कलम २. परदेशाबद्दल. या शब्दाने माझ्या घरातल्या माणसांच्या तोंडाला पाणी सुटते, म्हणून हे कलम.

आमच्या चौकातले दातांचे डॉक्टर तीस वर्षे पेशंटला सांगत आले, "कवळी आम्ही परदेशातून मागवतो, तीन आठवडे लागतील." त्या परदेशाचा पत्ता म्हणजे माझी मागची खोली. संध्याकाळी त्यांचा कंपाउंडर पिशवीतून जबड्यांची मापे आणून द्यायचा, मी प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात दात बसवायचे, घासून चकचकीत करायचे, आणि त्याच पिशवीतून कवळी परत जायची. माझ्या दारावर पाटी होती. पाटी वाचून माझ्याकडे येणारे लोक भाव करायचे. डॉक्टरांकडे तेच लोक मान खाली घालून पैसे मोजायचे आणि बाहेर आल्यावर म्हणायचे, शेवटी परदेशी वस्तूची बातच और. मी हे ऐकत रस्त्यावरून भाजी घेऊन जायची. लोकांच्या अकलेबद्दल माझे जे मत आहे ते तेव्हापासूनचे आहे.

या डॉक्टरांना आता दवाखाना वाढवण्यासाठी माझे घर विकत हवे आहे, आणि चिरंजीवांनी माझ्या वतीने त्यांना हो म्हणून टाकले आहे. डॉक्टरांस मी माझे जुने पॉलिशचे यंत्र देत आहे. ते सुरू केले की बोलणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही. त्यांच्या पेशंटना उपयोग होईल.

कलम ३. साचे. मागच्या खोलीतल्या फळ्यांवर या भागातल्या निम्म्या माणसांचे जबडे प्लास्टरमध्ये ठेवले आहेत. सूनबाई लोकांना मोबाईलवर घरातला पसारा कमी करायला शिकवतात. त्यांनी या फळ्यांसमोर उभे राहून मला विचारले, "आई, या वस्तू आपल्याला पुढे नेतात का?" मी म्हटले, "नाही, यांनी तुझ्या नवऱ्याची फी भरली." तो भाग त्यांनी मोबाईलवर दाखवला नाही.

साचे ज्याचे त्याला परत करावेत. आपले सगळे दात स्वतःचे आहेत असे निवृत्त मुख्याध्यापक जमेल तिथे सांगत असतात. त्यांचा साचा वरचा आणि खालचा मिळून त्यांच्या फाटकाच्या खांबावर ठेवावा. बेल वाजवू नये. काही बोलू नये.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. चिरंजीव एका मोठ्या कंपनीत नियोजन करतात. म्हणजे काम दुसरे लोक करतात आणि हे त्याचा तक्ता काढतात. तिकडे घेतलेल्या फ्लॅटचा नकाशा आल्यावर त्यांनी आमच्या हॉलमधले फर्निचर बाजूला सारले आणि निळी चिकटपट्टी लावून तो फ्लॅट जमिनीवर मापात आखला. भिंती, दारे, मोरी, सगळे. दर रविवारी सकाळपासून आम्ही त्या पट्टीच्या आत राहायचे, म्हणजे तिकडे गेल्यावर जड जाणार नाही. इतका हुशार माणूस माझ्या पोटी कसा आला याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

"आई, अगं तू भिंतीतून चाललीस!"

"मला दिसली नाही रे."

"जरा कल्पना कर ना. दारातून ये. हां, इथून."

माझी जागा कपडे धुण्याच्या मशीनजवळ होती. पलंग बसतो, पण मशीनचे झाकण उघडले की पाय आखडायचे. कुत्र्याला खिडकीजवळचा चौकोन मिळाला होता, उजेडाचा. कुत्र्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याची इंजेक्शने झाली, कागद झाले, पिंजऱ्याचे माप झाले. त्याच्याइतकी धावपळ या घरात कोणी माणसासाठी केलेली मी पाहिली नाही.

पहिल्याच रविवारी वन्सं स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि पट्टीपाशी थांबल्या. त्यांना वाटले, आपली जागा मागच्या बाजूला कुठेतरी असेल. त्यांनी नजरेने शोधली. मग म्हणाल्या, "येऊ का रे आत?"

चिरंजीवांनी मोबाईलमधून मान वर केली नाही. "आत्या, ट्रे तिथेच ठेव ना खाली. आणि तू बाहेरून जा, त्या कडेने."

ज्या बाईने त्याला शाळेत पोचवले, आणले, तापात मांडीवर घेतले, मी साचे ओतत असताना त्याला भरवले, ती बाई भिंतीला पाठ घासत, साडीचा घोळ आवरत, त्या पट्टीला पाय लागू नये म्हणून कडेकडेने आपल्या खोलीत गेली. पट्टीला! दोन रुपयांच्या चिकटपट्टीला!

पंचेचाळीस वर्षे मी या बाईला घराबाहेर काढायची स्वप्ने पाहिली आहेत. माझ्या प्लास्टरच्या धुळीवरून यांनी रोज नाक मुरडले. आल्यागेल्याला सांगितले, "आमची भावजय ना, लोकांच्या तोंडात हात घालते." वर्तमानपत्र माझ्याआधी घेऊन शब्दकोडे पेनाने सोडवले, तेही चुकीचे. तरी ते स्वप्न असे खरे झालेले पाहून मला राग आला. असा राग मला नवरा गेल्यावरही आला नव्हता.

जेवणे झाल्यावर मी विचारले, "आत्याचं काय ठरवलंयस?"

"आत्याची सोय केलीये गं. चांगली जागा आहे वृद्धांची. बाग आहे पुढे."

"तिला सांगितलंस?"

"निघायच्या आठवड्यात सांगू. आधीपासून सांगून उगाच तिच्या जिवाला घोर कशाला?"

सूनबाई म्हणाल्या, "आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तिथे त्यांना त्यांच्या वयाची माणसं मिळतील."

"तिच्या वयाचं माणूस तिला घरात आहे," मी म्हटले. "मी आहे."

चिरंजीव मला समजावू लागले. आत्या कागदोपत्री कुटुंबात बसत नाही, नियमच तसा आहे, आपण सगळे एकत्र जातोय हे महत्त्वाचं. 'सगळे एकत्र' हे शब्द त्यांनी तीनदा वापरले. नियम असेल. पण नियम अडवतो म्हणून डोळ्यात पाणी आलेला माणूस वेगळा दिसतो, आणि नियम सापडला म्हणून सुटलेला माणूस वेगळा दिसतो. मी चेहरे जवळून पाहण्यात आयुष्य घालवले आहे.

कलम ५. सबब, घर मी विकणार नाही. विक्रीच्या कागदावर माझी सही नाही, होणार नाही. मी परदेशी जाणार नाही. माझ्या पश्चात या घरात शेवटच्या श्वासापर्यंत राहण्याचा पूर्ण हक्क वन्संचा राहील. त्यांना तिथून हलवण्याचा, 'सोय' करण्याचा किंवा त्यांच्यासमोर बागेचे नाव काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. वन्संनंतर घर नातीचे. मधल्या कोणाचेही नाही.

त्यांचे जाणे अडावे अशी माझी इच्छा नाही. बँकेतली माझी सगळी ठेव चिरंजीवांच्या नावावर करायला मी आजच सांगितले आहे. घराच्या भरवशावर जेवढे मोठे होऊन जाणार होते तेवढे मोठे होऊन जाता येणार नाही. जेवढे आहेत तेवढे जावे.

कलम ६. हे कलम वन्संना वाचून दाखवू नये.

बारा वर्षांपूर्वी वन्संचे उरलेले दात गेले. मी म्हटले, बसा, माप घेते. त्या म्हणाल्या, "नको गं बाई, मी डॉक्टरांकडून परदेशी करून घेईन, ती टिकते." आठ दिवसांनी कंपाउंडर पिशवी घेऊन आला. कोणाचे माप आहे हे लिहिलेले नव्हते. मी खालचा साचा ओतला, सुकल्यावर हातात धरला आणि पाहतच राहिले. जबडा डावीकडे किंचित झुकलेला, अगदी माझ्या नवऱ्यासारखा. तो जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. त्याच्या हनुवटीवरून बोट फिरवावे तसे मी त्या प्लास्टरवरून फिरवले.

ती कवळी मी हातातली सगळी कामे बाजूला ठेवून केली. तिच्यापेक्षा चांगली कवळी माझ्या हातून ना आधी झाली ना नंतर. वन्संनी ती घालून मला दाखवली आणि म्हणाल्या, "याला म्हणतात काम. शिक जरा." मी म्हटले, "हो, वन्सं." बारा वर्षे त्या तिने चावतात आणि तिनेच मला बोलतात. मी ताकास तूर लागू दिलेली नाही. माझी तेवढी एकच चैन आहे.

कलम ७. नातीस माझी मेण कापायची सुरी आणि चिमटे. तिला मी मेणाचे राक्षसाचे सुळे करून देते, ते लावून ती वन्संना घाबरवते आणि वन्सं घाबरतात, दर वेळी. नात मला सोडून जाणार या विचाराने मला जेवण जात नाही. ती माझ्याकडे बघून हसते तेव्हा पुढच्या पडलेल्या दाताच्या जागी नवीन दात फुटताना दिसतो. तो पूर्ण आलेला मला दिसणार नाही. वकील म्हणाले हे इथे लिहायचे नसते. लिहिले आहे.

कलम ८. चिरंजीवांस, ठेवीखेरीज, काही नाही. ते वाईट मनुष्य नाहीत. असते तर मला कळले असते आणि सोपे गेले असते. ते फक्त गैरसोय टाळणारे मनुष्य आहेत. सूनबाईंस, त्या पसाऱ्याच्या विरुद्ध असल्यामुळे, काहीही देऊन मी त्यांना त्रास देऊ इच्छित नाही.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. माझ्यामागे माझ्याबद्दल कोणी चांगले बोलू लागल्यास त्यास थांबवावे.

वरील मजकूर लिहून झाल्यावर, सह्या होण्यापूर्वी जे बोलणे झाले ते मी माझ्या हाताने खाली जोडत आहे. वकिलांची हरकत नोंदवली आहे.

साक्षीला दाखला देणारे घरचे डॉक्टर आले होते आणि समोरचे लाँड्रीवाले यायचे होते. त्यांना उशीर होत होता. वन्सं सगळ्यांना पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, त्याच्यासाठी कशाला थांबता? मी करते की सही. मला चांगलं लिहितावाचता येतं."

वकील म्हणाले, "आत्या, तुम्हाला नाही करता येणार. ज्याला काही मिळणार असतं त्याला साक्ष देता येत नाही."

"मला काय मिळणार आहे?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिले. लाँड्रीवाले तेवढ्यात दारात येऊन चप्पल काढत होते, तेही तसेच थांबले. मग मीच म्हटले, "घर. तुम्ही आहात तोवर. आणि मी आहे तोवर मी."

वन्संनी ग्लास खाली ठेवला. "म्हणजे तू जात नाहीयेस?"

"नाही."

"आणि मला पण कुठे..."

"नाही."

त्या बराच वेळ पदराने कोरडेच हात पुसत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अगं, मी बॅग भरून ठेवलीये ना पलंगाखाली. महिना झाला. म्हटलं, ऐन वेळी पोराला सांगायला जड जाईल, तर आपण तयार असावं." थोड्या वेळाने विचारले, "मग सोडू का ती?"

मी "सोडा" म्हटले. तो शब्द या मृत्युपत्राचा भाग समजावा.

मृत्युपत्र करणारीची सही: (केली)

साक्षीदार पहिले: डॉक्टर, ज्यांनी मला शुद्धीवर असल्याचे प्रमाणित केले.
साक्षीदार दुसरे: समोरचे लाँड्रीवाले. सही किंचित वाकडी आली आहे. पेन नीट चालत होते.

ठिकाण: माझे घर, मागची खोली.
दिनांक: त्यांच्या विमानाच्या आधीचा तिसरा सोमवार.