इस्त्री, तर्जनी आणि अकरा वर्षांची हजेरी

सोमवार, ३ तारीख. सकाळी ८.१०
इस्त्री तापली का, हे बघायला बोट लावलं. तापली होती. उजवी तर्जनी. बायको म्हणाली, नळाखाली वीस मिनिटं धर. वीस मिनिटं! अकरा वर्षांत ऑफिसात माझा एकही लेट मार्क नाही. शुक्रवारी त्याचाच सत्कार आहे, साहेबांच्या हस्ते. वीस सेकंद धरलं, वर टूथपेस्ट फासली. उद्या ठणठणीत.

मंगळवार, ४
ठणका. पेस्ट वाळून पापुद्रा झालाय, आत आग. बायको म्हणते, ते धुऊन टाक आणि दुखण्यावरची साधी गोळी घे. गोळ्या लेचीपेची माणसं घेतात. मी बर्फाचा खडा थेट बोटावर दाबून धरला. आता बोट भाजलेलंही आहे आणि गारठलेलंही.

बुधवार, ५
टपोरा फोड. मेव्हणा औषधाच्या दुकानात असतो. फोनवर म्हणाला, भावजी, फोडाला हात लावू नका, नुसती सैल पट्टी बांधा. दुसऱ्याच्या बोटावर सल्ला द्यायला काय जातं! संध्याकाळी फोडलाच, सुईने. आधीपेक्षा दुप्पट दुखतंय. सुईच जाड होती.

गुरुवार, ६
हजेरीच्या मशीनने बोट ओळखलं नाही. सात वेळा दाबलं. मागे रांग, कुजबुज. कारकून म्हणाला, तुमची डावी तर्जनीपण नोंदवलेली आहे, ती लावा. लावली. नऊला एक मिनिट कमी होतं. जीव भांड्यात पडला. आता उद्या कोण अडवतंय बघू.

शुक्रवार, ७. सकाळी ८.१०
सत्काराचा शर्ट. इस्त्री तापली का बघितलं. उजव्या बोटाला पट्टी, म्हणून डाव्याने.
बायकोने मनगट धरून सरळ नळाशी नेलं. उशीर होतोय म्हटलं, तर म्हणाली, "मशीनला बोट हवंय ना? मग उभा राहा इथे." घड्याळ समोर ठेवून वीस मिनिटं उभं केलं.

तोच दिवस, संध्याकाळी
डाव्या बोटाला फोड नाही, ठणका नाही. मशीनने पहिल्याच दाबाला ओळखलं. नऊ वाजून सहा मिनिटं. लेट मार्क.
सत्कार शिपायाचा झाला. त्याची नऊ वर्षं. मीही टाळ्या वाजवल्या, तळहातांनी. फार वाईट वाटलं.
आत्ता हिशेब मांडला. सोमवारी वीस मिनिटं नळाखाली धरलं असतं, तरी लेट मार्क लागलाच असता. म्हणजे चार दिवस बोट मी फुकटच दुखवून घेतलं.