परवानगीशिवाय आत येऊ नये

३ फेब्रुवारी. सकाळी ७.१०
वर्तमानपत्रात वाचले की मोबाइलमधील ॲप्स आपले बोलणे चोरून ऐकतात. ज्या इसमाने कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षे पहारा दिला, पासाशिवाय खुद्द मॅनेजरच्या मेहुण्याला आत सोडले नाही, त्याच्याच खिशात हा प्रकार चालावा? आजपासून या फाटकावरही मी. शिक्षण चौथी पास, परंतु सेटिंग्ज वाचता येतात.

४ फेब्रुवारी. दुपारी
कॅमेरा, माइक, लोकेशन. एकेकाची झडती घेतली. एकोणतीस ॲप्सना नकार. केवळ टॉर्चच्या ॲपने 'कृपया' म्हणून अदबीने विचारले. त्यास सर्व परवानग्या दिल्या. फाटकावरही जो वाकून नमस्कार करी, त्याची पिशवी मी कधी उघडली नाही. माणसाची पारख लागते.
सूनबाई म्हणाल्या, काही अडले तर मला विचारा. काय अडणार आहे?

६ फेब्रुवारी
भाच्याचा सूनबाईंना फोन. आक्का अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टरांनी चार-आठ दिवस सांगितले आहेत. अकरा वर्षांचा अबोला सोडून ती मला भेटू इच्छिते. तिला माझ्या तोंडून एकच शब्द ऐकायचा आहे म्हणे. 'चुकलं.'
येथे नोंद करून ठेवतो की मी चुकलेलो नाही. आक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, कारखान्यात मशीनपाशी कोसळले. आक्का अनवाणी धावत फाटकावर आली. पास नव्हता. साहेबांची सही येईपर्यंत चाळीस मिनिटे तिला बाहेर थांबवले. ती आत पोहोचली तेव्हा दाजी गेले होते. परंतु सख्खी बहीण म्हणून मी तिला बसावयास स्टूल दिले होते. हे ती कोणास सांगत नाही.
सूनबाईंचे म्हणणे, सकाळच्या बसने गेलात तर तीन तासांत पोहोचाल. गेलो नाही. बोलावणे रीतसर हवे. भाच्याने स्वतः येऊन सांगावयास हवे होते. व्हिडिओ कॉल करीन म्हणून कळवले.

७ फेब्रुवारी
भाषण लिहून काढले. तीन पाने. तो शब्द कोठेही येत नाही. संध्याकाळी मन मोठे करून 'काही चुकले असल्यास' एवढी भर घातली. यापेक्षा अधिक कोणी काय करणार?

८ फेब्रुवारी. सकाळी १०
सूनबाई कामावर. भाच्याचा कॉल आला. उचलताच मोबाइलने कॅमेरा व माइक यांची परवानगी मागितली. ऐन घाईच्या वेळी मागणारा हमखास चोर असतो. दोन्ही नाकारले.
आक्का दिसली. मूठभर उरली आहे. वाचन सुरू केले. भाचा मध्येच म्हणाला, मामा, नुसता काळोख दिसतोय, आवाजही नाही. त्याच्या पित्याकडील मंडळी कानाने मंदच. आक्का मात्र डोळे बारीक करून बघत राहिली.
"बोल ना रे," ती म्हणाली. "एवढं तरी बोल."
म्हणजे तीही बहिरी झालेली. "ऐकू येते का?" असे सात-आठ वेळा मोठ्याने विचारले. शेवटी कागद बाजूला राहिला आणि तोंडून निघून गेले, "आक्का, माझं चुकलं गं." हे नोंदवण्यासारखे नाही. तरी नोंदवले.
तिने भिंतीकडे तोंड फिरवले. भारावली असावी.
पुढे भाच्याचे दोन कॉल आले. उचलले नाहीत. असले भाषण एकदाच असते.

९ फेब्रुवारी
मन हलके आहे. आक्कास श्रवणयंत्र पाठवण्याचा संकल्प. सूनबाईंनी विचारले, कॉल नीट झाला ना, मोबाइल बघू का? दिला नाही. नियम घरच्यांनाही लागू.

१० फेब्रुवारी
आक्का पहाटे गेली.
भाच्याने सूनबाईंना सांगितले, त्या कॉलनंतर ती एकच वाक्य बोलली. "याही वेळी त्यानं मला बाहेरच उभं केलं."
मी म्हणालो, असे कसे, मी तर बोललो. सूनबाईंनी न विचारता मोबाइल उचलला. सेटिंग्ज पाहिल्या. 
"बाबा, तुमचा एक शब्दसुद्धा तिकडे गेला नाही."
ओरडल्या असत्या तर उत्तर दिले असते. ओरडल्या नाहीत. मोबाइल टेबलावर ठेवला आणि आत गेल्या.

१२ फेब्रुवारी
नियमात त्रुटी नव्हती.
कालपासून मोबाइलवर श्रवणयंत्रांच्या जाहिराती येत आहेत. सूनबाईंना दाखवल्या, कॉलवर 'ऐकू येते का' म्हणून किती वेळा ओरडलो तेही सांगितले. त्या तुटकपणे म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही ओरडत होतात ते टॉर्चच्या ॲपनं ऐकलं असेल, काढून टाका ते.
म्हणजे त्यापुढचे वाक्यही त्याने ऐकले असणार.
त्याची परवानगी काढलेली नाही.