अप्पासाहेबांच्या टँकमधले तळाचे मासे

प्रिय रक्षिता,

ब्लाउज शिवायला टाकू नकोस. रविवारी आमच्याकडचे तुला यशोवर्धन भावजींसाठी बघायला येणार म्हणून तुम्ही मोरपिशी साडी काढलीत, असं आईनं फोनवर सांगितलं. तेव्हा काही बोलता आलं नाही, या घरात फोनवर बोलताना कुणीतरी कान लावून असतंच. म्हणून पत्र. आणि जरा लांबून सांगावं लागेल, कारण मला सगळं कळलं ते दिवाणखान्यातल्या त्या फिश टँकमुळे. तळाशी खडीत तोंड खुपसत फिरणारे मिशीवाले मासे तुला फार आवडले होते. तू पाहिलेले चारही मेले. त्यांच्या जागी आणलेले दोन मेले. काल आणखी एक मेला, तो मी हातानं बाहेर काढला. पोट खपाटीला गेलेलं, मिशा झिजून नुसते ठिपके उरलेले.

आमच्या मामंजींना, म्हणजे तुमच्या अप्पासाहेबांना, त्या टँकचा केवढा अभिमान! सकाळी स्वतःचा नाश्ता झाला की ते स्वतः दाणे टाकतात, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. दाणे तरंगतात, वरचे लाल-सोनेरी मासे दोन मिनिटांत फस्त करतात आणि मामंजी खूश. सोमवारी त्यांचा उपास, म्हणून माशांनाही उपास! तळाच्यांना काय घालायचं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, त्यांना काय घालायचंय, ते घाण खातात, त्यासाठीच आणलेत. पोटभर दिलं तर आळशी होतील, काम करणार नाहीत. सगळे हसले. मीही हसले.

गेल्या आठवड्यात शिवाजीनगरला गेले होते, तिथल्या मासेवाल्या अण्णांना विचारलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, अक्का, स्वल्प, जरा विचार करा, घाण खाऊन कोण जगेल? त्यांना तळाशी बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या द्याव्या लागतात. तुमची खडी टोकदार असणार, तिच्यात मिशा झिजतात, मग खाणं सापडत नाही. खाली साचलेलं कुजलं की आधी त्यांनाच बाधतं. आणि एकेकटे ठेवू नका, पाच-सहांच्या घोळक्यात राहणारी जात आहे ती. मी गोळ्यांचं पाकीट आणलं आणि दुपारी सगळे आडवे झाल्यावर नळी लावून खडीतली घाण उपसली. शी! वरून पाणी कसं चकचकीत, आणि खाली काळा बुळबुळीत गाळ, सडक्या अंड्यांचा वास. तीनदा साबण लावला तरी जेवताना हाताला तो वास येत होता, ताटावरून उठावं लागलं. सहा वर्षं मी पाहुण्यांना त्याच टँकशेजारी कॉफी देत आले.

मामंजींनी पाकीट पाहिलं आणि उचलून कचऱ्यात टाकलं. तुझे दाजी मला समजावायला आले. अभिराजना फार छान समजावता येतं. म्हणाले, मेला तर मेला, दुसरा आणू.

हे शब्द मी या घरात आधी ऐकले होते. भावजींची पहिली बायको प्रतिमा चौदा महिन्यांत माहेरी गेली, तिला जुळवून घेता येईना, असं मीच तुम्हाला सांगितलं होतं. धादांत खोटं. तिची कॉलेजातली नोकरी सोडायला लावली. पहाटे पाचला उठायची ती, आणि सगळ्यांचं आवरून, ओटा पुसून जेवायला बसायची तेव्हा पातेल्यात नुसतं कालवणाचं पाणी उरलेलं असायचं. मी माझं ताट आधी वाढून घ्यायला शिकले होते. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या, तापात ती भांडी घासत होती, आणि मी बघत होते. ती माहेरी निघून गेली त्या संध्याकाळी मामंजी ताक ओरपत म्हणाले, दुसरी आणू. कुणाचा घास अडला नाही. भावजींचासुद्धा नाही. रक्षिता, ज्या माणसाला तू मोरपिशी साडी नेसून पोहे देणार होतीस, त्यानं त्या दिवशी भात पुन्हा वाढून घेतला.

या माणसांची मला किळस येते. पण सगळ्यांत जास्त माझी स्वतःची येते. तुम्हाला वाटतंय मागणी मामंजींनी घातली. तुझं नाव मीच काढलं. प्रतिमा गेल्यावर सगळं काम माझ्यावर आलं, दिवसभर बोलायला माणूस उरलं नाही. दोघी बहिणी एका घरात असलो तर किती बरं, असं मी सगळ्यांसमोर म्हणाले, आणि काम वाटून जाईल हेही मनात होतं. हे कळवायला हे पत्र. बाबांना वाचून दाखव आणि स्पष्ट नकार द्या. कुणी नको म्हणायला लावलं असं विचारलं तर माझं नाव सांगा. रविवारी मी या लोकांबरोबर होसकोट्याला, तुमच्याकडे येणारच आहे, फक्त परत जाताना त्या गाडीत बसणार नाही. बाबांशी तेवढं आधी बोलून ठेव, नाहीतर ते मला समजावून पुन्हा गाडीत बसवतील.

अजून तुझीच म्हणवून घेणारी,
दिव्यश्री अक्का